आठ कलांचा फरक

प्रस्तावना

आमच्या घरात ‘शास्त्र’ हा शब्द दोन अर्थांनी नांदत असे. मी सातवीत होते. एका संध्याकाळी आजीला म्हणाले, “उद्या शास्त्राचा पेपर आहे.” आजीने विचारले, “कंच्या अध्यायावर?” तिच्या लेखी शास्त्र म्हणजे पवित्र शास्त्र. काळ्या पुठ्ठ्याचे, कडांना बोटांचे डाग पडलेले, रात्री उशाशी असणारे. माझ्या लेखी शास्त्र म्हणजे पानाचा आडवा छेद, त्यातल्या पेशी आणि बाणांनी दाखवलेली नावे. मी पाठ्यपुस्तक उघडून तिला ती आकृती दाखवली. तिने चष्मा लावून ती बराच वेळ न्याहाळली आणि पुस्तक माझ्या हातात देत म्हणाली, “हे बी त्याचंच की.”

पुढे मी छत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि रविवारी सकाळी आमच्या मंडळीच्या शब्बाथ शाळेत मुलांना बायबल शिकवले. आजीचे ते वाक्य मला पाठ होते, पण ते वापरायची वेळ आली तेव्हा मी कमी पडले. एका रविवारी उत्पत्तीचा पहिला अध्याय चालला होता. पाचवीतल्या एका मुलाने हात वर केला. “बाई, देवाने डायनोसॉर कितव्या दिवशी केले?” बाकीची मुले हसली. उपासनेची घंटा व्हायला पाच मिनिटे उरली होती. मी म्हणाले, “ते शाळेत विचार, इथे नाही.” तो खाली बसला. सोमवारी तोच मुलगा शाळेत माझ्यासमोर पहिल्या बाकावर होता. मी जीवाश्मांचा धडा शिकवत होते आणि त्याने देवाविषयी चकार शब्द काढला नाही. या दोन खोल्यांच्या मध्ये भिंत आहे हे तो माझ्याकडूनच शिकला होता.

ती भिंत पाडण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

ख्रिस्ती श्रद्धा आणि सृष्टीचा शास्त्रीय अभ्यास यांच्या नात्याविषयी आपल्याकडे दोन मते फार प्रचलित आहेत. पहिले मत लढाईचे. विज्ञान पुढे सरकते तसतसा धर्म मागे हटतो, आणि गॅलिलिओ हा त्याचा पुरावा, असे ते सांगते. दुसरे मत वाटणीचे. सोमवार ते शनिवार विज्ञान, रविवारी श्रद्धा, आणि कोणी कोणाच्या अंगणात पाऊल टाकायचे नाही. पहिल्या मताने माणसे चिडतात, दुसऱ्याने निवांत होतात. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझे म्हणणे साधे आहे. सृष्टी देवाने केली असा ज्याचा विश्वास आहे, त्याला ती देवाने कशी केली हे घरी बसून ठरवता येत नाही. देव स्वतंत्र आहे. तो आपल्या अंदाजाला बांधलेला नाही. म्हणून ती कशी आहे ते जाऊन पाहावे लागते, मोजावे लागते, आणि जे दिसले ते आपल्या आवडत्या कल्पनेच्या विरुद्ध गेले तर कल्पना सोडावी लागते. हा प्रामाणिकपणा श्रद्धेच्या आड येत नाही. तो श्रद्धेचाच भाग आहे.

हे मी तत्त्व म्हणून सांगितले तर कोणाला पटणार नाही. म्हणून माणसांकडे वळते.

मंगळाची वाट

योहानेस केप्लरचा जन्म १५७१ साली जर्मनीत झाला. त्याला धर्मशास्त्राचा अभ्यास करून पाळक व्हायचे होते. ट्युबिंगेनला शिक्षण चालू असतानाच त्याला ग्राट्सच्या शाळेत गणित शिकवायला पाठवण्यात आले आणि त्याचे आयुष्य आकाशाकडे वळले. १६०० साली तो प्रागजवळ टायको ब्राहेकडे आला. टायकोकडे दुर्बीण नव्हती. ती अजून आकाशाकडे वळलीच नव्हती. पण नुसत्या डोळ्यांनी आणि प्रचंड उपकरणांनी घेतलेले त्याचे वेध त्या काळात जगात सर्वांत अचूक होते. त्यातला मंगळ केप्लरच्या वाट्याला आला.

दोन हजार वर्षांची समजूत अशी होती की आकाशातली गती वर्तुळाकारच असणार, कारण वर्तुळ हा परिपूर्ण आकार आहे. कोपर्निकसने सूर्य मध्यभागी आणला, पण वर्तुळ त्यानेही सोडले नाही. केप्लरने वर्षानुवर्षे आकडेमोड करून मंगळासाठी वर्तुळावर आधारलेली मांडणी तयार केली. ती जवळजवळ जुळली. फरक राहिला तो फक्त आठ कलांचा.

आठ कला म्हणजे किती? एका अंशाच्या साठ कला होतात. पुनवेच्या चंद्राची तबकडी साधारण तीस कलांची दिसते. म्हणजे चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग. टायकोच्या आधीच्या कोष्टकांत एवढी चूक सहज खपून गेली असती. केप्लरलाही ती खपवता आली असती. पण टायकोचे वेध एक-दोन कलांपर्यंत बिनचूक असतात हे त्याला ठाऊक होते. त्याने लिहिले त्याचा आशय असा की, देवाने कृपा करून आपल्याला टायकोसारखा दक्ष निरीक्षक दिला, तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने स्वीकारणे आणि तिचा उपयोग करणे हे आपले कर्तव्य आहे. त्या आठ कलांकडे दुर्लक्ष करता येत नव्हते, म्हणूनच साऱ्या खगोलशास्त्राच्या पुनर्रचनेची वाट उघडली. त्याने वर्तुळ सोडले. मंगळ लंबवर्तुळात फिरतो हे १६०९ साली त्याच्या ‘अस्त्रोनोमिया नोवा’ या ग्रंथात जगापुढे आले.

इथे श्रद्धेने काय केले ते नीट पाहावे. केप्लरने आकडेमोडीत कुठेही देवाला घुसवले नाही. वर्तुळ देवाला शोभते म्हणून ते वाचवलेही नाही. वस्तुस्थिती ही देवाकडून आलेली देणगी आहे, तिच्याशी लबाडी करायची नाही, एवढेच त्याची श्रद्धा त्याला सांगत होती. या पुस्तकाचे नाव त्या आठ कलांवरून ठेवले आहे.

केप्लरचे आयुष्य सुखाचे नव्हते हेही सांगितले पाहिजे. लिंत्सला असताना १६१२ पासून तिथल्या पाळकाने त्याला प्रभुभोजनापासून दूर ठेवले. कारण खगोलशास्त्राचे नव्हते. मंडळीच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यातल्या एका कलमावर सही करायला त्याचे मन धजत नव्हते. त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आरोप आला आणि म्हातारपणी तिला तुरुंगात राहावे लागले. केप्लरने स्वतः जाऊन तिचा बचाव लढवला. १६२१ साली ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. ज्या मंडळीने त्याला मेजावरून उठवले, तिच्यातच तो शेवटपर्यंत देवाची स्तुती करत राहिला.

चूक ती चूक

गॅलिलिओविषयी आम्हा ख्रिस्ती लोकांना पळवाटा काढायची सवय आहे. त्याचा स्वभाव तिखट होता, त्याने पोपला दुखावले, त्याच्याकडे पुरेसा पुरावा नव्हता, वगैरे. यातले काही खरेही आहे. पण १६१६ साली पृथ्वीच्या गतीचे मत चर्चने पवित्र शास्त्राच्या विरोधी ठरवले आणि २२ जून १६३३ रोजी रोममध्ये सत्तरीच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवून स्वतःचे मत नाकारायला लावले. १६४२ साली फ्लोरेन्सजवळच्या आर्चेत्री इथे नजरकैदेतच तो वारला. ही चूक होती आणि ती चर्चची होती. ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ती जाहीरपणे मान्य केली.

या प्रकरणातली विसरली जाणारी गोष्ट म्हणजे गॅलिलिओ स्वतः श्रद्धावान होता आणि १६१५ साली त्याने लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात तो बायबलच्याच बाजूने बोलत होता. पवित्र शास्त्राचा हेतू माणसाला तारणाचा मार्ग दाखवण्याचा आहे, ग्रहांची गती शिकवण्याचा नाही, हा त्याचा युक्तिवाद होता. त्यासाठी त्याने आधार घेतला तो संत ऑगस्टिनचा.

ऑगस्टिन पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो इथे बिशप होता. उत्पत्तीच्या पुस्तकावर त्याने एकदा नव्हे, अनेकदा भाष्य लिहायला घेतले. सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग आधीच्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशी झाली, हा प्रश्न त्याला पडला होता. माझ्या वर्गातल्या मुलाचा प्रश्न त्याच जातीचा होता. ऑगस्टिनने तो दाबला नाही. सृष्टीचे दिवस आपल्या घड्याळाचे नसावेत, असे तो म्हणाला. शिवाय त्याने एक कडक इशारा दिला. आकाश, तारे, प्राणी, वनस्पती यांविषयी ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने चुकीचे बोलू लागला, तर ज्याला खरे ठाऊक आहे तो हसेल, आणि मग पुनरुत्थानाविषयी त्याच ग्रंथाचे तो का ऐकेल? हे पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. तेव्हा उत्क्रांती नव्हती, दुर्बीण नव्हती. म्हणजे उत्पत्तीचे अक्षरापलीकडचे वाचन हे आधुनिक विज्ञानाला घाबरून केलेले नाही. ते चर्चच्या जुन्या घरातलेच आहे.

विहिरीतला तांबडा पट्टा

बहात्तरच्या दुष्काळात आमची विहीर आणखी दोन परस खाली न्यायचे ठरले. नगर जिल्ह्यातली विहीर खणणे म्हणजे पाषाणाशी झुंज. वरची काळी माती संपली की मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. सुरुंग लावून तो फोडत गेल्यावर एका ठिकाणी वीतभर जाडीचा तांबडा पट्टा लागला. त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. सुट्टीच्या दिवशी दादांनी मला दोराला धरून खाली उतरवले. मी त्या पट्ट्यावर बोट फिरवले, तर विटकरी भुकटी बोटाला लागली. खणणाऱ्यांतले एक वयस्क वडारबाबा म्हणाले, “ही जुनी जमीन हाय, पोरी. वरून भाजल्याली.”

ते अगदी बरोबर बोलले होते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळले. आपला दख्खनचा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर. एक थर आला, थंड झाला, ऊन-पावसाने झिजला, त्याची माती झाली. मग दुसरा थर आला आणि त्याने ती माती भाजून झाकून टाकली. वीतभर मातीसाठी किती पावसाळे जावे लागतात याचा शेतकऱ्याच्या मुलीला अंदाज असतो. असे थर सह्याद्रीत एकावर एक रचलेले आहेत. त्यांचे वय साधारण ६ कोटी ६० लाख वर्षे निघते.

खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा नियम आज बाळबोध वाटतो. तो स्पष्ट शब्दांत मांडला नील्स स्टेन्सन ऊर्फ स्टेनो याने, १६६९ साली फ्लोरेन्समध्ये. १६६६ साली त्याच्याकडे एका मोठ्या शार्कचे डोके विच्छेदनासाठी आले. त्या माशाचे दात आणि डोंगरात सापडणारे ‘जिभेचे दगड’ हुबेहूब सारखे आहेत हे त्याने पाहिले, आणि डोंगराच्या जागी एकेकाळी समुद्र असावा या विचारापर्यंत तो पोचला. पृथ्वीचे वय फार मोठे असेल अशी कल्पना त्यालाही नव्हती. आपले थर तो बायबलच्या कालगणनेतच बसवू पाहत होता. पण थर वाचायची किल्ली त्याने दिली आणि पुढच्यांनी त्याच किल्लीने ती कालगणना ओलांडली. हाच स्टेनो पुढे धर्मगुरू आणि बिशप झाला. १९८८ साली रोमने त्याला धन्यवादित घोषित केले.

स्टेनोची किल्ली महाराष्ट्राच्या भूमीत चालवणाऱ्यांत एक पाळक होते, याचा आम्हाला विसर पडला आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते शुभवर्तमान सांगत, शाळा चालवत, आणि फिरतीवर असताना दगड फोडून पाहत. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावर आणि जीवाश्मांवर लिहिलेला निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या गाळातून त्यांनी गोगलगायींचे शंख, फळे, बिया गोळा केल्या. माझ्या विहिरीतल्या तांबड्या पट्ट्याची ही भावंडेच. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या जीवाश्म हाडांचा उल्लेख आजही त्यांच्या नावाशिवाय पुरा होत नाही. मध्य भारतातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दात-हाडांविषयीची त्यांची पत्रे १८६४ साली प्रसिद्ध झाली. पण ती पाहायला ते नव्हते. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाट इथली प्राचीन शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतताना ते पुराच्या ओढ्यात बुडाले.

पिसदुऱ्याची ती हाडे डायनोसॉरची आहेत. माझ्या वर्गात तो प्रश्न विचारला गेला, त्याच्या शतकभराहून अधिक आधी याच राज्यात एक पाळक त्या हाडांशी परिचय करून घेत होता, आणि मला त्याचे नावही माहीत नव्हते.

वाटाणे मोजणारा मठवासी

उत्क्रांतीचे नाव काढले की आमच्या मंडळीत अजूनही आवाज चढतात. म्हणून मेंडेलची गोष्ट सावकाश सांगावीशी वाटते. ग्रेगोर मेंडेल हा शेतकऱ्याचा मुलगा. १८४३ साली तो आजच्या चेक देशातल्या ब्रनो इथे ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. शिक्षकाची परीक्षा त्याला पास होता आली नाही. पण मठाधिपती नाप यांनी त्याला व्हिएन्नाला शिकायला पाठवले आणि मठाच्या आवारात वाटाण्यासाठी जागा दिली.

मी वर्गात दोन वाट्यांत वाटाणे घेऊन जात असे. एकीत किराणा दुकानातले पांढरे वाटाणे, वाळूनही गुळगुळीत. दुसरीत मटाराचे वाळवलेले दाणे, सुरकुतलेले. सुरकुतणाऱ्या दाण्यात साखर जास्त असते, म्हणून मटार गोड लागतो. मेंडेलने अशाच दोन जातींचा संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. सुरकुती हरवलीच. दुसऱ्या पिढीत ती परत आली. त्याने दाणे मोजले. एकूण ७३२४. त्यांतले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. जवळजवळ तीनास एक. हे एका गुणाचे झाले. असे सात गुण त्याने १८५६ ते १८६३ या काळात हजारो रोपांवर तपासले. १८६५ साली ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे निबंध वाचला, पुढच्या वर्षी तो छापला, आणि कोणाला त्याचे महत्त्व कळले नाही. १८८४ साली तो वारला तेव्हा लोक त्याला मठाधिपती म्हणून ओळखत होते. १९०० साली तिघा संशोधकांनी तो निबंध उजेडात आणला.

डार्विनच्या सिद्धांतात एक मोठी उणीव होती. गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतात कसे, मिसळून विरून का जात नाहीत, हे त्याला सांगता येत नव्हते. ती उणीव विसाव्या शतकात मेंडेलच्या नियमांनी भरून काढली. म्हणजे ज्या सिद्धांताला श्रद्धेचा शत्रू म्हणून आम्ही हाकलत राहिलो, त्याचा पाया भक्कम केला तो रोज प्रार्थनेला बसणाऱ्या मठवाशाने. त्याच्या निबंधात देवाचे नाव नाही. असायची गरजही नव्हती. दाणा खरा मोजणे हेच तिथे देवाचे काम होते.

डार्विनला पहिल्यापासून सगळ्या ख्रिस्ती लोकांनी विरोध केला हेही खरे नाही. चार्ल्स किंग्सली या पाळकाने १८५९ साली पुस्तक हाती पडताच त्याला मोकळ्या मनाने दाद दिली. अमेरिकेत त्याची बाजू लढवली ती हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे यांनी. ते निष्ठावान ख्रिस्ती होते.

पण डार्विनची खरी अडचण अशा पाठिंब्याने सुटणारी नव्हती. १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी गेली. १८६० साली ग्रे यांना लिहिताना त्याने एका गांधीलमाशीचा दाखला दिला. ती जिवंत सुरवंटाच्या अंगात अंडी घालते आणि पिले त्याला आतून खातात. दयाळू देवाने हे मुद्दाम केले असेल हे त्याला पटेना. या प्रश्नाला सुबक उत्तर माझ्याकडे नाही. मात्र एक जाणवते. ख्रिस्ती श्रद्धेचे केंद्र सृष्टीच्या देखण्या रचनेत नाही, ते वधस्तंभावर आहे. ज्या देवाला आम्ही भजतो तो दुःखाच्या बाहेर उभा राहून आराखडे काढणारा नाही, दुःखात उतरलेला आहे. गांधीलमाशीचे कोडे याने सुटत नाही. पण ते कोडे घेऊन कोणापुढे जायचे हे कळते.

पोपना थांबवणारा धर्मगुरू

आतापर्यंत विज्ञानाला विरोध करण्याची चूक पाहिली. उलटी चूकही तितकीच घातक आहे. विज्ञानाचा एखादा शोध सापडला की तो देवाच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणून मिरवायचा. ही चूक टाळावी कशी, हे बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी शिकवले.

लमेत्र १९२३ साली धर्मगुरू झाले. १९२७ साली आइनस्टाइनच्या समीकरणांवरून त्यांनी विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडले. त्याच वर्षी ब्रुसेल्सला आइनस्टाइन भेटले तेव्हा गणिताला त्यांनी नाव ठेवले नाही, पण त्यामागची भौतिकी त्यांना मुळीच रुचली नाही. १९३१ साली लमेत्र यांनी आणखी पुढे जाऊन विश्वाची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी असे सुचवले. आज ज्याला आपण महास्फोट म्हणतो त्या कल्पनेचे हे मूळ. एका धर्मगुरूने विश्वाला आरंभ दिला म्हटल्यावर अनेक शास्त्रज्ञांना त्यात उत्पत्तीच्या पुस्तकाचा वास आला.

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी एका भाषणात विश्वाच्या आरंभाच्या या नव्या ज्ञानाचा संबंध सरळ निर्मात्याशी जोडला. चर्चमध्ये आनंद झाला असेल. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत गणितावर आणि वेधांवर उभा आहे, उद्या तो चुकला तर देवही चुकला का, ही त्यांची काळजी होती. त्यांनी आणि व्हॅटिकन वेधशाळेच्या प्रमुखांनी रोममध्ये आपले म्हणणे पोचवले. पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. स्वतःच्या सिद्धांताचा धर्मासाठी वापर होताना पाहून हात आखडता घ्यायला सांगणारा हा धर्मगुरू मला केप्लरइतकाच मोठा वाटतो.

मराठी वाचकाला या वादाची दुसरी बाजू घरबसल्या कळली ती डॉ. जयंत नारळीकरांमुळे. महास्फोटाला विरोध करणारे फ्रेड हॉयल हे त्यांचे केंब्रिजमधले गुरू. नारळीकरांनी अखेरपर्यंत महास्फोटाचा सिद्धांत स्वीकारला नाही, आणि आपली कारणे ते वेधांच्या भाषेत मांडत राहिले. बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल दुसऱ्या बाजूने गेला, तोही वेधांवरूनच. लमेत्र आणि नारळीकर यांच्या श्रद्धा वेगळ्या, निष्कर्ष वेगळे. पण निवाडा कोणी करायचा याबद्दल दोघांचे एकमत होते. निवाडा आकाशाने करायचा.

आमच्या घरचा हिशेब

महाराष्ट्राच्या संदर्भात एक गोष्ट कबूल केल्याशिवाय ही प्रस्तावना पुरी होणार नाही. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी आपल्याकडे शाळा काढल्या, आधुनिक भूगोल आणि खगोल मराठीत आणला. १८४२ साली नगरला सुरू झालेल्या मासिकाचे नावच ‘ज्ञानोदय’. त्या कामाचे ऋण मोठे आहे. पण त्याच भूगोलाचा दंडुका करून त्यांनी पुराणांतली दुधाच्या आणि दह्याच्या समुद्रांची वर्णने झोडपली. तीच कसोटी आपल्या उत्पत्तीच्या पुस्तकाला लावायची वेळ आली तेव्हा पुष्कळांनी ती खाली ठेवली. दुसऱ्याच्या ग्रंथातले काव्य अक्षरशः वाचून त्याला हसायचे आणि आपल्या ग्रंथातले काव्य अक्षरशः वाचून त्याला विज्ञान म्हणायचे, हा दुटप्पीपणा होता. त्याबद्दल ख्रिस्ती मराठी माणसाने आपल्या हिंदू शेजाऱ्याजवळ मन मोकळे करायला हवे.

विज्ञान ही ख्रिस्ती मक्तेदारी आहे असेही या पुस्तकात कुठे म्हटलेले नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहिले. चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आजही आहे. अरब वेधकांशिवाय युरोपचे खगोलशास्त्र उभे राहिले नसते. माझा दावा एवढाच की ख्रिस्ती श्रद्धेतून विज्ञानाकडे जाणारी एक सरळ वाट आहे आणि तिच्यावरून अनेकजण चालत गेले आहेत. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले जेझुइट फादर ब्लॅटर आणि फादर सांतापाव हे त्यांतलेच. खंडाळ्याच्या आणि पुरंदरच्या वनस्पतींची नोंद सांतापाव यांनी पायी हिंडून केली, आणि आपली कारवी ज्या कुळातली आहे त्या कुळाचा खास अभ्यास केला.

आज ही वाट अडवणारे साहित्य आपल्या मंडळ्यांत मोबाइलवरून येते. पृथ्वी सहा हजार वर्षांची, सगळे थर नोहाच्या पुरात साचलेले, असे सांगणाऱ्या चित्रफिती लोक भक्तिभावाने पुढे पाठवतात. आपण प्राचीन विश्वास जपतो आहोत असे त्यांना वाटते. पण पुराने सारे थर घातले ही मांडणी आजच्या रूपात लोकप्रिय झाली ती १९६१ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकामुळे. ऑगस्टिन तिच्याहून साडेपंधरा शतकांनी जुना आहे. ज्या मुलाला आपण सांगतो की पृथ्वी जुनी असेल तर बायबल खोटे, तो मुलगा एक दिवस विहिरीतला तांबडा पट्टा पाहणारच. मग तो काय सोडेल? पट्टा तर सोडता येणार नाही.

पुस्तकाची सात प्रकरणे आहेत. पहिली दोन उत्पत्तीच्या पुस्तकाची: त्याची भाषा, त्याचा काळ, भोवतालच्या बाबेलच्या लोकांत सूर्य-चंद्राची पूजा चालू असताना त्यांना नुसत्या दोन ज्योती म्हणणारे त्याचे धाडस. पुढची चार आकाश, पाषाण, जीव आणि विश्वारंभ यांची. शेवटचे प्रकरण जबाबदारीचे. सृष्टी देवाची असेल तर तिची नासाडी हे पाप आहे, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी दिलेला लढा हा उपासनेइतकाच खरा धर्म होता, असे मी तिथे मांडले आहे. विज्ञानाचे विद्यार्थी मधली प्रकरणे आधी वाचू शकतात. पाळकांनी मात्र क्रमाने वाचावे.

शब्बाथ शाळेत शिकवणाऱ्या माझ्या भगिनींना आणि बंधूंना शेवटची एक विनंती. मुलाने असा प्रश्न विचारला तर घंटेकडे पाहू नका, आणि उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा. डायनोसॉरचे उत्तर मी इथे लिहून ठेवते. उत्पत्तीचे दिवस प्राण्यांची यादी देण्यासाठी लिहिलेले नाहीत, सारे काही देवाचे आहे आणि चांगले आहे हे सांगण्यासाठी लिहिले आहेत. डायनोसॉर साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. त्यांची हाडे चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा गावच्या शिवारात सापडली आहेत. वरोऱ्यापर्यंत रेल्वे जाते. मुलांना घेऊन एकदा जाऊन या.